रिकामं बसलेलं ग्राफिक्स कार्ड किती वीज खातं? छोट्या होम सर्व्हरचा हिशेब

होम सर्व्हर म्हटलं की अनेकांना लुकलुकत्या दिव्यांचं कपाट आठवतं. माझ्याकडचा सर्व्हर अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा आहे. लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू, कुठल्या तरी ऑफिसातून निवृत्त होऊन लॅमिंग्टन रोडमार्गे घरी आलेला. आत इंटेलचा आय५-८५००टी, म्हणजे सहा कोअरचा, ३५ वॉटचा प्रोसेसर. राउटरशेजारच्या फळीवर तो वर्षभर चालू असतो. फोनमधले फोटो उतरवून घ्यायचे, घरातल्या टीव्हीला चित्रपट पुरवायचे, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवायचं, एवढंच त्याचं काम. हातात काही नसताना असे डबे भिंतीतल्या सॉकेटमधून साधारण १० वॉटच्या आसपास घेतात. एका एलईडी बल्बाइतकं.

मग एखाद्या रविवारी टीव्हीवर चित्रपट अडखळतो, किंवा कोणीतरी सांगतं की एआयचं मॉडेल आता घरच्या घरी चालतं, आणि डोक्यात किडा वळवळतो: याला ग्राफिक्स कार्ड लावलं तर?

लावता येतं. कार्ड बसवणं हा यातला सर्वांत सोपा भाग, दोन स्क्रूंचं काम. पण घरच्या सर्व्हरचं आयुष्य गेमिंगच्या संगणकासारखं नसतं. गेमिंगचा संगणक काम संपलं की बंद होतो. सर्व्हर दिवसातले बावीस-तेवीस तास नुसता वाट बघत बसलेला असतो. त्या तासांत कार्ड काय करतं, यावर या सगळ्या खटाटोपाचा खर्च ठरतो, आणि नेमकी हीच गोष्ट कार्डाच्या खोक्यावर छापलेली नसते.

एका कार्डात तीन वेगळी कामं

ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकसंध ताकद, असा समज असतो. सर्व्हरच्या दृष्टीने त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला बहुतेक वेळा त्यातली एकच हवी असते.

पहिली म्हणजे व्हिडिओ उलगडणं आणि पुन्हा बांधणं. समजा, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ ४के मध्ये, एचईव्हीसी पद्धतीने साठवलाय आणि त्याला सेकंदाला ६० मेगाबिट लागतात. मावशी न्यू जर्सीतून तो फोनवर बघतेय. तुमच्या घरातून बाहेर जाणारा वेग आहे २०-३० मेगाबिट. तेव्हा सर्व्हरला त्याच व्हिडिओचं हलकं रूप चालता चालता बनवावं लागतं. प्रत्येक चौकट उलगडायची, १०८० ओळींवर आणायची, एचडीआरचे भडक रंग साध्या पडद्याला झेपतील असे उतरवायचे आणि पुन्हा एच.२६४ पद्धतीत बांधायची. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा, न थांबता. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात.

साडीच्या दुकानात घड्या घालणारा एक माणूस असतो. गिऱ्हाइकासमोर उलगडलेल्या वीस साड्या तो बघता बघता मूळ घडीत घालतो. त्याला हिशेब सांगू नका, भाव विचारू नका. घडी मात्र त्याच्यासारखी मालकालाही जमत नाही. कार्डातला व्हिडिओचा भाग तसा असतो. उलगडणं आणि बांधणं एवढ्यासाठीच कोरलेली सर्किटं, इतर कशाच्या उपयोगाची नाहीत. म्हणूनच जे काम करताना साधा प्रोसेसर सगळे कोअर जुंपून धापा टाकतो, ते हा भाग थोडक्या विजेत उरकतो. इथे एक गंमत लक्षात घ्या: या कामात कार्ड ‘किती ताकदीचं’ आहे याला फारसा अर्थ नाही. एकाच पिढीच्या स्वस्त आणि महाग कार्डांत घडी घालणारा माणूस बहुधा तोच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हजारो छोटे गणिती कोअर. फोटोंतले चेहरे ओळखणं, ‘समुद्रावरचे फोटो’ असं लिहून शोधता येणं, कॅमेऱ्यासमोर माणूस आलाय की मांजर हे ठरवणं, ही त्यांची कामं. तिसरी गोष्ट कार्डावरची वेगवान मेमरी, जिच्याशिवाय भाषेचं मॉडेल, म्हणजे प्रश्नांची उत्तरं लिहिणारा एआय, घरात चालवण्यात मजा नाही. तिच्याकडे पुढे येतो.

काखेत कळसा

कार्ड हवं असं म्हणणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांना पहिलं काम हवं असतं, ट्रान्सकोडिंग. आणि घड्या घालणारा माणूस त्यांच्या डब्यात आधीच नोकरीला असतो.

इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून प्रोसेसरच्याच पोटात क्विक सिंक नावाचा हा भाग दिला आहे. माझ्या आठव्या पिढीच्या आय५ मधला भाग १० बिट एचईव्हीसी उलगडतो आणि बांधतोही, व्हीपी९ उलगडतो. फक्त नव्या एव्ही१ पद्धतीपुढे हात टेकतो. २०२३ मध्ये आलेला एन१०० हा चार कोअरचा, ६ वॉटचा चिमुकला प्रोसेसर एव्ही१ देखील उलगडतो. जेलीफिन आणि प्लेक्स ही घरचे चित्रपट टीव्हीला पुरवणारी सॉफ्टवेअरं. जेलीफिनमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, म्हणजे या भागाकडून ट्रान्सकोडिंग, चालू करायला एक पैसाही लागत नाही. प्लेक्समध्ये त्यासाठी त्यांचा सशुल्क पास लागतो. कित्येकांच्या सेटिंगमध्ये ही खूण केलेलीच नसते, म्हणून प्रोसेसर बिचारा हाताने घड्या घालत बसतो आणि मालक बाजारात कार्डांचे भाव विचारत फिरतो.

त्याआधीची आणखी एक पायरी आहे. ट्रान्सकोडिंगची गरजच का पडतेय ते बघा. टीव्हीच्या आतलं ॲप जुनं असेल, किंवा सबटायटल चित्ररूपात असतील, तर ती प्रत्येक चौकटीवर छापण्यासाठी सर्व्हरला सगळा चित्रपट नव्याने बांधावा लागतो. टीव्हीला चांगली स्ट्रीमिंग स्टिक लावली किंवा सबटायटल मजकुराच्या फाइलमध्ये घेतली, की सर्व्हर मूळ फाइल जशीच्या तशी पाठवतो आणि स्वतः जवळजवळ झोपूनच राहतो. हा उपाय कुठल्याही कार्डापेक्षा स्वस्त.

मग कार्ड खरंच कुणाला लागतं? ज्यांच्या प्रोसेसरमध्ये हा भागच नाही त्यांना: इंटेलचे नावापुढे ‘एफ’ असलेले प्रोसेसर, सर्व्हरसाठीचे बरेचसे झिऑन, रायझन ५ ५६०० सारखे ‘जी’ नसलेले जुने रायझन. ज्यांना एव्ही१ मध्ये व्हिडिओ बांधायचे आहेत त्यांना. आणि ज्यांना भाषेचं मॉडेल चालवायचंय त्यांना. कॅमेऱ्यांच्या चित्रणातली माणसं ओळखणारं फ्रिगेट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही आधी इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर, इंटेलच्याच ओपनव्हिनो या सॉफ्टवेअरने, काम भागतं का ते बघता येईल. दोन-चार कॅमेऱ्यांसाठी बहुधा भागतं.

पाहुणा जागा, तर यजमानही जागा

आता मुख्य मुद्दा. त्याआधी एक पाढा पाठ करून ठेवा: २४ तास, ३६५ दिवस चालणारा प्रत्येक १ वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ८८ रुपये. धरलेला दर सोयीचा आहे. तुमचा खरा दर बिलावर बघा, आणि बघताना वरच्या टप्प्यातला बघा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. फ्रिज, पंखे, दिवे यांचं घर आधीच चालू आहे. सर्व्हरचे युनिट त्यांच्या वर चढतात, म्हणजे ते तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यात मोजले जातात.

समजा, ७५ वॉटचं कार्ड आहे. रोज एक तास ते पूर्ण जोरात चाललं, तर वर्षाला २७ युनिट. उरलेले २३ तास ते रिकामं बसून फक्त १५ वॉट खात असेल, तर वर्षाला १२६ युनिट. काम २७० रुपयांचं आणि बसून खाणं साडेबाराशेचं! कार्ड निवडताना सगळे ७५ चा आकडा बघतात. सर्व्हरवाल्याने १५ चा बघावा.

पण गोष्ट इथेही संपत नाही. कार्ड स्वतः रिकामं असताना पाच वॉट घेत असलं, तरी भिंतीतलं मीटर पाचपेक्षा जास्तच वाढलेलं दिसतं. माझाही पहिल्यांदा गोंधळ उडाला होता. कारण असं: आजचे प्रोसेसर काम नसताना पायरीपायरीने झोपतात. वरच्या पायरीवर नुसती डुलकी. खालच्या पायऱ्यांवर, ज्यांना सी६, सी८, सी१० अशी नावं आहेत, आतली बरीचशी यंत्रणा बंद होते. दहा वॉटचा डबा दहा वॉटचा असतो तो या गाढ झोपेमुळे. मात्र प्रोसेसरला जोडलेली उपकरणं जागी असतील, तर त्याला खाली उतरता येत नाही. घरात आलेला पाहुणा दिवाणखान्यात गप्पा मारत बसला असेल, तर यजमानाला आडवं होता येत नाही, तसं. पाहुणा चहासुद्धा मागत नसेल. दिवा, पंखा आणि यजमान, तिघं जागेच.

पाहुण्याला झोपवण्याच्या व्यवस्थेला एएसपीएम म्हणतात. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या पीसीआय एक्सप्रेस रस्त्यावर रहदारी नसेल तेव्हा तो रस्ताच मिटवून घ्यायचा, अशी ही पद्धत. ती चालायला तीन पक्षांचं एकमत लागतं: मदरबोर्डचा बायोस (म्हणजे संगणक सुरू होताना चालणारं, बोर्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर), कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम. एकाने नाही म्हटलं की झालं. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये ती बंद करूनच येते, कारण जुन्या किंवा धड न बनवलेल्या कार्डांना तिच्यामुळे फेफरं येतं.

इंटेलची आर्क कार्डं हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. २०२२ चं आर्क ए३८० हे कागदावर सर्व्हरसाठीच जन्माला आलंय असं वाटतं: ६ जीबी मेमरी, एव्ही१ बांधण्याची सोय, किंमत आवाक्यात. पण बायोसमध्ये एएसपीएमची एल१ पायरी चालू केली नाही तर रिकामं असतानाही ते चांगलंच जेवतं. ही सेटिंग बदला, असं खुद्द इंटेलच सांगते. म्हणून आर्क घेण्याआधी आपल्या बोर्डाच्या बायोसमध्ये ही नोंद आहे का, ते उघडून बघा. नसेल तर आर्कचा नाद सोडा.

एनव्हिडियाच्या कार्डांची खोड वेगळीच. पडदा न जोडलेल्या लिनक्स सर्व्हरवर कार्ड कोणीच वापरत नसेल, तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आपलं चंबूगबाळं आवरून निघून जातो. मग कार्डाला ‘आता झोप’ असं सांगायला कोणी उरत नाही, आणि ते वरच्याच पायरीवर ताटकळत राहू शकतं. यावर एनव्हिडियाचीच पर्सिस्टन्स सेवा आहे, ती चालू ठेवायची. ड्रायव्हर जागा राहतो म्हणून कार्ड झोपतं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. प्रॉक्समॉक्स ही एकाच डब्यात अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी यंत्रणा. तिच्यावर कार्ड एखाद्या व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलं असेल तर हाच घोळ मोठा होतो. मशीन बंद केलं की कार्डाचा ड्रायव्हरही त्याच्यासोबत बंद. आपल्याला वाटतं, आता वीज वाचतेय. प्रत्यक्षात कार्ड वाली नसल्यासारखं पूर्ण जागं असू शकतं. कंटेनर, म्हणजे मूळ यंत्रणेतच वेगवेगळ्या कप्प्यांत चालणारे प्रोग्राम, वापरून कार्ड मूळ यंत्रणेच्याच ताब्यात ठेवलं तर हा त्रास टळतो, आणि एकच कार्ड जेलीफिनला, फोटोंना, कॅमेऱ्यांना असं सगळ्यांना वाटून वापरता येतं. माझं मत विचाराल तर घरच्या सर्व्हरवर कार्ड व्हर्च्युअल मशीनला देऊच नये, अगदी विंडोजच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळं तपासायला दोनच साधनं पुरतात. पॉवरटॉप हा छोटा प्रोग्राम प्रोसेसर कुठल्या पायरीवर किती टक्के वेळ झोपला ते दाखवतो. कार्ड लावण्याआधी आणि नंतर त्याचा फोटो काढून ठेवा. दुसरं साधन सॉकेटमध्ये लावायचं वॉटमीटर. कार्ड सॉफ्टवेअरमध्ये स्वतःबद्दल सांगतं तो आकडा फक्त त्याच्या पानातला आहे. यजमानाचं जागरण आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन गेलेली वीज त्यात धरलेली नसते.

पॉवर सप्लायवरून आठवलं. कार्ड लावायचं म्हणून ६५० वॉटचा सप्लाय घेणारे बरेच जण भेटतात. सप्लाय किती वीज वाया घालवतो ते तपासून बिल्ला देणाऱ्या ८० प्लसच्या नेहमीच्या चाचण्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर होतात. तुमचा सर्व्हर २० वॉटवर बसलेला असेल तर ६५० च्या सप्लायवर तो ३ टक्के भार झाला. तिथे सोनेरी बिल्ला असलेला सप्लायही बरीच वीज वाया घालवू शकतो.

७५ वॉटचा स्लॉट, ५४ वॉटचं कनेक्टर

पीसीआय एक्सप्रेसच्या लांब, सोळा लेनच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट घेता येतात. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर कार्डाच्या डोक्यावर वेगळी वायर लागते: सहा पिनची आणखी ७५, आठ पिनची १५०. छोट्या डब्यात ही वायर द्यायला सप्लायच नसतो. म्हणून ‘वायर न लागणारं कार्ड’ ही पहिली अट.

मात्र स्लॉट ७५ देऊ शकतो म्हणजे तुमचा डबा देऊ शकतो असं नाही. एम७२०क्यूमध्ये रायझर नावाची छोटी पट्टी लावली की एक स्लॉट मिळतो, त्या बदल्यात अडीच इंची डिस्कची जागा जाते. पण हा डबा लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरवर चालतो, आणि सेकंडहँड डब्यासोबत बहुधा ६५ वॉटचा येतो. प्रोसेसर ३५ वॉटचा म्हटला तरी काम अंगावर आलं की काही सेकंद तो त्याच्या खूप वर जातो. त्यात कार्ड जोरात आलं की डबा काही न बोलता बंद पडतो, आणि तुम्ही ड्रायव्हर बदलत बसता. याच घडणीच्या थिंकस्टेशन पी३३० टायनीमध्ये लेनोवोने स्वतः क्वाड्रो पी६२० हे ४० वॉटचं कार्ड दिलं होतं, आणि त्याला १३५ वॉटचा अडॅप्टर. यातून काय तो बोध घ्या.

स्लॉटच नसेल तर? एसएसडीच्या एम.२ जागेतून वायर काढून बाहेर कार्ड लावायची अडॅप्टरं मिळतात. चालतात. पण त्यातली काही स्वस्त अडॅप्टरं कार्डाची वीज साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, पॉवर कनेक्टरमधून घेतात, आणि इथे मी आवाज चढवून सांगेन: करू नका. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॉट. कार्ड १२ व्होल्टच्या बाजूने स्लॉटमधून ६६ वॉटपर्यंत मागू शकतं. माझ्या एका मित्राने हा हिशेब केला नव्हता. जळक्या प्लास्टिकचा वास आधी शेजाऱ्यांकडून येतोय असं त्याला वाटलं.

लेनची काळजी मात्र फार करू नका. एम.२ मध्ये चारच लेन मिळतात म्हणून लोक हळहळतात. तिसऱ्या पिढीच्या चार लेन सेकंदाला ३.९ जीबी वाहून नेतात. ४के व्हिडिओचे ६० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ७.५ एमबी. गंगेत घागर!

उष्णतेबद्दल एवढंच, की पेढ्यांच्या खोक्यात ४० वॉटची भर पडली की पंखा ऐकू येऊ लागतो, आणि नागपुरात मे महिन्यात तर तो थांबतच नाही. डेटा सेंटरमधून निघालेली टेस्ला पी४ सारखी कार्डं ७५ वॉटची, बुटकी, ८ जीबीची आणि मोहात पाडणारी असतात. पण त्यांना पंखाच नसतो. ज्या रॅकमध्ये वाऱ्याचं वादळ चालू असतं तिथल्यासाठी ती बनवलेली. घरात त्यांना वेगळा पंखा आणि पुठ्ठ्याची नळी जोडावी लागते.

घरचा एआय: मेमरी आणि तिचा वेग

भाषेचं मॉडेल म्हणजे आकड्यांचं एक प्रचंड बाड. उत्तराचा प्रत्येक तुकडा लिहिताना, म्हणजे जवळजवळ प्रत्येक शब्दाला, ते बाड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागतं. म्हणून वेगाचा अंदाज भागाकाराने निघतो: मेमरीचा वेग भागिले मॉडेलचा आकार.

आठ अब्ज आकड्यांचं मॉडेल ४ बिटांत दाबलं की साधारण ५ जीबीचं होतं. एन१०० च्या डब्यात मेमरीची एकच वाट असते, डीडीआर४-३२०० ची सेकंदाला २५.६ जीबी. पाचने भागा: सेकंदाला पाच तुकडे, तेही सगळं मनासारखं घडलं तर. दोन वाटांच्या साध्या संगणकावर दहा. ७० वॉटचं, वायर न लागणारं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप सेकंदाला १६८ जीबी वाचतं, म्हणजे तेहतीसपर्यंत. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबी मेमरी ३६० जीबीने वाचते, म्हणजे बहात्तर. प्रत्यक्षात आकडे यापेक्षा कमीच मिळतात. हे छत आहे, पण क्रम हाच राहतो. देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे मराठीत उत्तर मागितलं की तोच वेग आणखी हळू वाटतो, हेही मनात धरा.

या हिशेबात दोन अडचणी आहेत. ६ जीबीत ५ जीबीचं मॉडेल बसलं तरी लांब संभाषण लक्षात ठेवायला जागा उरत नाही. आणि मॉडेल थोडं जरी मेमरीबाहेर सांडलं की वेग प्रोसेसरच्या पातळीवर आपटतो. दुसरी अडचण, १२ जीबीचं ३०६० हे १७० वॉटचं कार्ड आहे, म्हणजे छोट्या डब्याला नाकापेक्षा मोती जड. बुटक्या, वायर न लागणाऱ्या कार्डांत मोठी मेमरी मिळते ती आरटीएक्स ए२००० सारख्या कार्डांत, त्यात ७० वॉटमध्ये १२ जीबीपर्यंत. पण त्याची किंमत ऐकून माणूस पुन्हा दहा वॉटच्या डब्याच्या प्रेमात पडतो.

इथेही पुन्हा रिकामं बसणं आलंच. मॉडेल कार्डाच्या मेमरीत चढवून ठेवलं की काही कार्डं खालच्या पायरीवर उतरत नाहीत. टेस्ला पी४० हे २४ जीबीचं जुनं कार्ड याबद्दल बदनाम आहे. मॉडेल धरून नुसतं बसलं तरी पन्नासेक वॉट खातं. घरी मॉडेल चालवणारं ओलामा हे सॉफ्टवेअर पाच मिनिटं कोणी काही विचारलं नाही तर मॉडेल आपणहून उतरवतं. ती सोय बंद करू नका. पुन्हा चढवायला काही सेकंद लागतात, लागू देत.

नावं घेऊन बोलायचं तर

ट्रान्सकोडिंगसाठीच कार्ड हवं असेल आणि बायोस साथ देत असेल, तर आर्क ए३१० किंवा ए३८०. बायोस साथ देत नसेल, तर एनव्हिडियाचं टी४००, ३० वॉटचं. जुन्या बाजारात क्वाड्रो पी४०० आणि पी१००० स्वस्त मिळतात, पण ती पास्कल पिढीची आहेत आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांची ५८० ही मालिका त्या पिढीसाठी शेवटची. आज चालतील, पाच वर्षांच्या बेताने घेऊ नका. घरगुती जीफोर्स कार्डांवर एकाच वेळी किती व्हिडिओ बांधता येतील याला ड्रायव्हरमधून मर्यादा आहे. २०२३ मध्ये ती ३ वरून ५ झाली आणि पुढच्या वर्षी ८. एका घराला पुष्कळ.

दोन कार्डं चुकूनही घेऊ नका: जीटी १०३० आणि रॅडिऑन आरएक्स ६४००. दोन्ही बुटकी, कमी विजेची, दुकानदार हौसेने पुढे करतात. दोन्हींत व्हिडिओ बांधण्याचा भागच नाही. घड्या उलगडणारा आहे, घालणारा नाही.

इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर सर्व्हर ठेवणाऱ्यांनी आणखी एक आकडा बघावा. साध्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तासांची असते, हातात त्याहून बरीच कमी येते. वीज गेल्यावर दहा वॉटचा डबा आणि राउटर त्यावर बऱ्यापैकी तग धरतात. ४० वॉटचं कार्ड कामात असेल तर हिशेब मिनिटांवर येतो.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. फळीवरच्या डब्यात कार्ड लावलंच नाही. क्विक सिंक चालू केलं आणि व्हिडिओचा प्रश्न तिथेच मिटला. मॉडेलची हौस उरली होती. माळ्यावर जुना टॉवर धूळ खात होता, त्यात सेकंडहँड ३०६० बसवलं आणि टॉवर झोपवून ठेवला. मॉडेलला काही विचारलं की डबा नेटवर्कच्या वायरवरून टॉवरला हाक मारतो, वेक-ऑन-लॅनने. टॉवर काही सेकंदांत उठतो, मॉडेल चढवतो, उत्तर देतो. वीस मिनिटं कोणी काही विचारलं नाही की परत झोपतो. पहिल्या प्रश्नाला जरा थांबावं लागतं. तेवढ्यात मी वॉटमीटरकडे बघतो. फळीवरचा आकडा अजून दहाच्या आसपासच आहे.